छाटणी-श्रेडर व छोटा ट्रॅक्टर : शक्तीचा मेळ

द्राक्षबागेतील छाटलेली काडी आणि फळझाडांच्या फांद्या बारीक करणारे, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची शक्ती यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे यंत्र छोट्या ट्रॅक्टरला झेपेल असे निवडण्याची रीत. अशा यंत्राला सरसकट श्रेडर म्हणतात. मल्चर, चिपर, कुट्टी यंत्र ही नावेही एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्रत्यक्षात ती वेगवेगळी यंत्रे असून त्यांची शक्तीची भूक सारखी नसते. येथील विवेचन मुख्यतः वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक) परिसरातील द्राक्षबागा डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी वेगळे.

पार्श्वभूमी : वणी हे सप्तशृंगगडाच्या वाटेवरील बाजाराचे गाव. दिंडोरी व निफाड हे लगतचे तालुके द्राक्षाचे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, बहुधा ऑक्टोबरच्या आगेमागे, गोडी छाटणी. खरड छाटणीत ओलांड्यावरची (वेलीच्या आडव्या कायम फांदीवरची) वर्षभराची वाढ एक-दोन डोळे राखून काढून टाकतात. त्यामुळे काडीचा मोठा ढीग तेव्हाच पडतो. पूर्वी ही काडी बांधावर नेऊन पेटवत किंवा चुलीला वापरत, आणि आजही पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या मजुरांसाठी ती फुकटचे सरपण आहे. श्रेडर आल्यावर ही काडी बागेतच बोदावर आच्छादन म्हणून राहू लागली.

ट्रॅक्टर मात्र श्रेडरसाठी घेतलेला नसतो, ही या विषयातली मूळ अडचण आहे. मंडपाखाली आणि वाय आकाराच्या आधारांच्या ओळींतून जाईल असा, सुमारे मीटरभर रुंदीचा ट्रॅक्टर बागायतदार घेतो तो औषध फवारणीच्या ब्लोअरसाठी. महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार, स्वराज, कॅप्टन, व्हीएसटी शक्ती अशा नावांचे 15 ते 28 एचपीचे ट्रॅक्टर या वर्गात येतात. घरात उभ्या असलेल्या या ट्रॅक्टरला मग श्रेडर शोधला जातो. वधू ठरल्यावर पत्रिका जुळवण्यासारखाच हा प्रकार.

शक्तीचे आकडे : बॉनेटवर लिहिलेली एचपी ही इंजिनाची. पीटीओपर्यंत येईतो गिअर, बेअरिंग आणि तेलात तिचा काही भाग जातो. साधारण 85 ते 90 टक्के उरते असे धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे 24 एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर 20-21 एचपी मिळाली तर ती रास्त समजावी. नेमका आकडा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या चाचणी-अहवालात असतो. विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागण्याऐवजी हा अहवाल मागावा.

पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे. आयएसओ 500 या मानकानुसार या वेगाचा दांडा 35 मिमी व्यासाचा आणि सहा खाचांचा असतो. पीटीओवर 20 एचपी म्हणजे सुमारे 14.9 किलोवॉट, 540 फेऱ्यांना त्याचा पीळ येतो सुमारे 264 न्यूटन-मीटर. काही ट्रॅक्टरांत इंजिन कमी फिरवून पीटीओचे तेच फेरे मिळवण्याची डिझेल वाचवणारी सोय असते. ब्लोअरला ती चालू शकते. श्रेडरला ती लावू नये, कारण फेरे तेवढेच दिसले तरी मागे इंजिनाची ताकद उरलेली नसते.

फांदीची जाडी : माहितीपत्रकात ‘3 इंचांपर्यंत’, ‘4 इंचांपर्यंत’ असे लिहिलेले असते. हा बहुधा तोंडाचा आकार असतो, झेपणारी जाडी नव्हे. कापायचे असते ते फांदीचे छेदक्षेत्र, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढते : 25 मिमी फांदीचे क्षेत्र सुमारे 4.9 चौ. सेंमी., 50 मिमीचे 19.6, तर 75 मिमीचे 44.2. जाडी तिप्पट झाली की काम नऊपट होते. द्राक्षाची चांगली मालकाडी (घड देणारी काडी) 8 ते 10 मिमीची, पेन्सिलीएवढी. अशा काडीला कोणताही छोटा ट्रॅक्टर पुरतो. अडते ते काढून टाकलेल्या ओलांड्यांपाशी आणि बांधावरच्या बाभूळ, आंबा, सुबाभळीपाशी. वाळलेले लाकूड ओल्यापेक्षा जड जाते, म्हणून काडी छाटल्यावर आठवड्याच्या आत फिरवलेली बरी.

चकतीचे वजन : श्रेडरच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षित बाब. चकतीच्या चिपरमध्ये पाती बसवलेली जड चकती फिरते आणि जाड फांदीचा धक्का इंजिनाआधी तीच सोसते. उदाहरणादाखल 60 किलो वजनाची, 60 सेंमी व्यासाची सपाट चकती घेतली, तर 540 फेऱ्यांना तिच्यात सुमारे 4.3 किलोज्यूल ऊर्जा साठते. पट्टे किंवा गिअरपेटी लावून तीच चकती 1,080 फेऱ्यांनी फिरवली तर साठा चौपट, म्हणजे सुमारे 17 किलोज्यूल होतो. छोट्या ट्रॅक्टरला म्हणून हलके यंत्र घ्यावे ही समजूत अर्धीच खरी. लिफ्टला हलके हवे, पण चकती हलकी नको. पत्रा वाचवून केलेल्या यंत्रात चकतीचेच वजन कमी केलेले असते, आणि मग प्रत्येक गाठीला इंजिन काळा धूर सोडते.

पात्यांचे गणितही इथेच. चार पात्यांची चकती मिनिटाला 1,080 फेरे घेते तेव्हा सेकंदाला 72 काप पडतात. प्रत्येक काप 5 मिमीचा असेल तर फांदी सेकंदाला 36 सेंमी आत ओढली जाते. पात्याचा उठाव अर्धा केला की ओढही अर्धी होते आणि भार जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. ट्रॅक्टर कमी पडतो असे वाटले तर नवा ट्रॅक्टर पाहण्याआधी पात्यांचे बोल्ट सैल करून हा उठाव कमी करून पाहावा. बोथट पाते कापत नाही, चिरडते, आणि चिरडायला जास्त शक्ती लागते. द्राक्षबागेत पाती लवकर बोथट होण्याचे कारण लाकूड नसून काडीबरोबर येणारे तारेचे तुकडे आणि माती हे आहे.

ओळीतले मल्चर : जमिनीवर अंथरलेल्या काडीवरून चालणाऱ्या यंत्राला फांदीच्या जाडीऐवजी कामाची रुंदी आणि चालण्याचा वेग यांवर शक्ती लागते. दोन ओळींत 9-10 फूट जागा असली तरी रुंद यंत्र घेऊ नये. अरुंद यंत्राने दोन फेऱ्या माराव्यात. चालण्यालाही शक्ती लागते, त्यामुळे उभ्याने चालणाऱ्या चिपरपेक्षा येथे ट्रॅक्टरवर दुहेरी ओझे असते. ठिबकच्या नळ्या आधी तारेवर टांगून घ्याव्यात.

जोडणी : छोट्या ट्रॅक्टरांची लिफ्ट साधारण 750 किलो उचलते असे लिहिलेले असते, पण ते लिंकच्या टोकाशी मोजलेले. यंत्राचा भार त्याच्याही मागे पडत असल्याने प्रत्यक्षात कमी उचलते आणि पुढची चाके हलकी होतात. पुढे वजने लावावी लागतात.

क्लचचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पीटीओला स्वतंत्र क्लच नसलेल्या ट्रॅक्टरवर पायातला क्लच दाबला तरी फिरती चकती आपल्या जोराने गिअरपेटीला आणि चाकांना ढकलत राहते. ट्रॅक्टर थांबत नाही. मंडपाच्या खांबांत हे परवडत नाही. म्हणून शाफ्टवर एकाच दिशेने ओढ घेणारा क्लच असावा. अडकण्याच्या प्रसंगी तुटणारी शिअर पिन किंवा घसरणारा क्लच वेगळा; एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. तुटलेल्या पिनेच्या जागी हाताशी असलेला कडक बोल्ट घालणे ही सर्रास चूक असून तिची किंमत गिअरपेटी मोजते. एप्रिलच्या उन्हात रेडिएटरची जाळी भुशाने तासाभरात भरते, तीही झाडत राहावी.

आच्छादन व रोग : बारीक केलेली काडी बागेत ठेवावी की नाही यावर एकमत नाही. ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो ही जमेची बाजू. उलटपक्षी करपा, मिलीबग व खोडकिडा असलेल्या बागेतील काडी बाहेर काढून नष्ट करावी, असा सल्ला दिला जातो. ताजा भुसा मातीत मिसळल्यास काही काळ नत्राची ओढ होते.

अनुदान : कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून, अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर.

भाडे : तासावर.

मर्यादा : प्रस्तुत नोंदकाराच्या मते 24 ते 28 एचपीच्या बागेतील ट्रॅक्टरवर सतत कामासाठी 2 इंच आणि अधूनमधून 3 इंच ही फांदीची मर्यादा मानावी, 15-18 एचपीला काडी व बोटाएवढ्या फांद्या, त्यापुढे नाही. बाग काढून टाकताना निघणारी जुनी खोडे या वर्गातील कोणत्याही यंत्रात घालू नयेत. ती करवतीने कापून सरपणाला जातात.