कचेरींतील टेलिफोन आणि बाहेरची लाइन

साताऱ्याच्या एखाद्या कचेरींतील कारकुनास सांगलीच्या कचेरीशीं बोलावयाचें असलें, म्हणजे तो आपल्या टेबलावरील टेलिफोनवर बहुधा प्रथम एक शून्य दाबतो, मग दुसरें शून्य, मग 233, आणि शेवटीं सांगलीचा सात आंकडी क्रमांक. हीं दोन शून्यें दिसावयास सारखीं, पण त्यांचीं कामें अगदीं निराळीं आहेत. पहिलें शून्य त्या कचेरीचें. इमारतीमधील बोर्डाकडून बाहेरची लाइन मागून घेण्यापुरतें तें असतें. दुसरें शून्य गांवाची वेस ओलांडण्याचें. वेशीचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. घरच्या उंबरठ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं.

जगांतील पहिलें व्यापारी एक्स्चेंज अमेरिकेंत न्यू हेवन येथें 28 जानेवारी 1878 रोजीं सुरू झालें. वर्गणीदार अवघे एकवीस होते. योगायोग असा कीं, बरोबर चार वर्षांनीं त्याच तारखेस, 28 जानेवारी 1882 रोजीं, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील एक्स्चेंजें हिंदुस्थानांत अधिकृतपणें खुलीं झालीं. पेढीला एक टेलिफोन पुरेसा होता तोंपर्यंत कसलीच अडचण नव्हती. परंतु व्यवहार वाढला तसे हिशेबनीस, मुख्य व्यवस्थापक, गोदामाचा कारभारी अशा प्रत्येकास टेलिफोन हवासा झाला. आणि प्रत्येकासाठीं एक्स्चेंजपर्यंत स्वतंत्र तार ओढणें परवडण्यासारखें नव्हतें. तोड निघाली ती अशी: कचेरींतच एक लहानसा बोर्ड बसवावा, आंतील दहावीस टेलिफोन त्यास जोडावे, आणि बाहेरच्या एक्स्चेंजकडे जाणाऱ्या लाइनी मात्र दोनतीनच ठेवाव्या.

त्या बोर्डासमोर एक माणूस बसे. आंतून कोणी हँडल फिरविलें कीं बोर्डावरील एक लहानशी झडप खालीं पडे. तो दोरीचें टोंक त्या भोकांत खुपसून 'कोण पाहिजे?' असें विचारी, आणि दुसरें टोंक रिकाम्या लाइनींत घालून वाट मोकळी करून देई. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखाच त्याचा अधिकार. कोण कोणाशीं किती वेळ बोलतो, हें त्यास ठाऊक असे, आणि साहेबांचें बोलणें चालू असतां इतरांनीं थांबावें, हाहि नियम त्याच्याच हातून पाळला जाई.

हा पहारेकरी नको, असें ज्यास फार तीव्रतेनें वाटलें तो अमेरिकेंतील कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रोजर. धंद्यानें तो प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारा. ऑपरेटर आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, अशी त्याची समजूत झाली होती, असें सांगतात. खरेंखोटें कांहींहि असो, 1891 सालीं त्यानें माणसाशिवाय जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. आपल्या देशांत असें स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम सिमल्यास 1913–14 च्या सुमारास आलें.

या यंत्राच्या जातीच्या कचेरी-बोर्डांत बाहेरची लाइन मिळे ती अशी: रिसीव्हर उचलला कीं तारेंतून वीज वाहूं लागे. चकती फिरवून सोडली कीं ती परततांना तो प्रवाह मोजून तितक्या वेळां तुटे. नऊला नऊ वेळां, शून्याला दहा वेळां. यंत्राचा हात तितके टप्पे वर चढे, आणि त्या मजल्यावरील लाइनी एकीमागून एक चांचपीत पहिल्या मोकळ्या लाइनीवर थांबे. एकहि मोकळी नसली तर कानांत व्यग्रतेचा सूर. म्हणूनच जो आंकडा बाहेरच्या लाइनीस दिला, त्या आंकड्यानें आंतील एकाहि टेलिफोनचा क्रमांक सुरू करतां येत नसे.

दहा टेलिफोनांमागें लाइनी किती ठेवाव्या, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग यानें 1909 आणि 1917 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याचें गणित मांडलें. कंजूष मालक मात्र गणितापेक्षां कुलपावर अधिक विश्वास ठेवीत आले. चकतीला चिमुकलें कुलूप घालून ते निर्धास्त होत; पण रिसीव्हर ठेवण्याची खुंटी मोजून मोजून दाबली तरी प्रवाह तितक्याच वेळां तुटतो, हें हुशार कारकुनांना कळावयास वेळ लागला नाहीं.

बाहेरची लाइन म्हणजे राज्यकर्त्यांना काय असतें, हें सातारा जिल्ह्यानें 1942 सालीं दाखवून दिलें. 24 ऑगस्टला कराड, 3 सप्टेंबरला तासगांव, 9 ला वडूज, 10 ला इस्लामपूर असे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूर येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि रात्रीं तारा तुटूं लागल्या. तार तुटली म्हणजे टेबलावरचें यंत्र जागच्या जागीं राहतें, खुर्चीवरचा अंमलदारहि राहतो. फक्त वरिष्ठांचा हुकूम येत नाहीं आणि खालची खबर वर जात नाहीं. उलट नाना पाटील यांच्या प्रतिसरकारास तारेची गरजच नव्हती. त्यांचे निरोप रात्रीच्या अंधारांत पाऊलवाटेनें जात, आणि ती वाट कापावयाची कशी, याचें उत्तर सरकारला 1946 पर्यंत नीटसें सांपडलें नाहीं.

त्या काळीं तासगांव, वाळवें, शिराळें हे तालुके साताऱ्याच्या कलेक्टराखालीं होते आणि सांगली पटवर्धनांची. 1948 च्या मार्चमध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, 1 ऑगस्ट 1949 रोजीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि 1960 च्या नोव्हेंबरांत त्यास सांगली हें नांव मिळालें. ज्या बातम्या साताऱ्यास जात, त्यांस सांगलीचा नवा रस्ता मिळाला.

पुढें कचेरीचा हा बोर्डच खेड्याच्या उपयोगी पडला. 1984 सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें 128 लाइनींचें एक लहान इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केलें. इमारतीसाठीं वापरावें तर तो कचेरीचा बोर्ड, आणि थोडा फेरफार करावा तर गांवाचें एक्स्चेंज. उन्हाळ्यांतहि तें थंडगार खोलीवांचून चाले, हें विशेष. या जातीचें पहिलें खेड्यांतील एक्स्चेंज 1986 सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसलें. एखाद्या बऱ्यापैकीं कचेरीला पुरेल एवढ्याच लाइनी. पण कित्तूरच्या माणसांना गांवांतल्या गांवांत बोलावयास ऑपरेटरची विनवणी करावी लागेना.