वडशाचं पोलीस ठाणं आणि 'परवानगी'चा प्रश्न

परवा सावलीच्या बसस्टँडवर चहा पिताना एका तरुणाने विचारलं, "सर, पोलिसावर केस करायची तर आधी सरकारची परवानगी लागते म्हणे. मग तक्रार करून फायदा काय?" बस आली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते आज इथे पूर्ण करतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा. कारण या प्रश्नाचा इतिहास आपल्याच दोन जिल्ह्यांत घडलेला आहे.

सुरुवात चिमूरपासून करावी लागते. 16 ऑगस्ट 1942 ला तिथे गोळीबार झाला, लोक भडकले, सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्यानंतर गावात लष्कर आणि पोलीस शिरले, पुरुषांना पकडून नेलं आणि मागे राहिलेल्या बायांवर अत्याचार झाले, हे मात्र घाईघाईत सांगितलं जातं. नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही महिला चिमूरला जाऊन आल्या, त्यांनी तिथल्या बायांचं म्हणणं ऐकलं. मागणी एवढीच होती की निष्पक्ष चौकशी करा. इंग्रज सरकार नाही म्हणालं. सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी या एका मागणीसाठी उपोषण केलं. ते 63 दिवस चाललं आणि 12 जानेवारी 1943 ला सुटलं. बातम्यांवरची बंदी उठली, पण सरकारी चौकशी झालीच नाही.

तेव्हाचं सरकार परकं होतं, असं म्हणून आपण पुढे जातो. तीस वर्षांनी सरकार आपलं होतं, जिल्हा तोच होता.

आपल्या सावलीहून व्याहाडवरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, मग आरमोरी, मग वडसा. वडसा म्हणजे देसाईगंज. गडचिरोली जिल्हा 1982 ला वेगळा झाला, त्याआधी हे सगळं चंद्रपूरच होतं. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मुलीला जबाबासाठी आणलं होतं. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी. डॉक्टरांनी वय 14 ते 16 च्या दरम्यान सांगितलं. जबाब झाले, ठाण्याचे मुख्य जमादार जेवायला घरी गेले. सोबतच्या माणसांना बाहेर पाठवलं आणि मुलीला आतच थांबवलं. दिवे बंद झाले, दार लागलं.

तिचं नाव मी लिहीत नाही. सगळा देश हा खटला तिच्या नावाने ओळखतो, पण पीडितेचं नाव छापू नये हा कायदा तिच्याच खटल्यानंतर आला. निदान आपण तो पाळू.

आता त्या रात्रीची एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. तिच्यासोबत आलेली माणसं घरी गेली नाहीत. त्यांनी हाका मारल्या, गर्दी जमली. मुलगी बाहेर आली आणि तिने तिथेच सगळ्यांसमोर काय झालं ते सांगितलं. लोक इतके संतापले की चौकी जाळायची भाषा झाली. जमादाराला बोलावून आणलं, त्याने लोकांना शांत केलं आणि मग तक्रार लिहून घेतली. जमाव पांगला असता तर तो कागद तयार झाला असता का, याचा विचार करा. वैद्यकीय तपासणी व्हायला मात्र दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजले.

पुढे 1974 ला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिचा 'पूर्वीचा संबंध' काढून तिलाच खोटी ठरवलं. 1976 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठाने मांडलं. 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा सूर होता.

रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर चौदा-पंधरा वर्षांची पोर किती ओरडणार?

हाच प्रश्न सप्टेंबर 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारला. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार दिल्लीचे, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर पुण्याचे. 8 मार्च 1980 ला देशभर मोर्चे निघाले. निकाल बदलला नाही, पण कायदा बदलला. 1983 च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा ठेवली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते आधी खरं धरायचं, हेही आलं.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो.

'परवानगी'ची तरतूद इंग्रजांच्या काळापासून आहे. पुढे ती फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197 झाली, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात कलम 218 आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी ठरावीक सरकारी नोकरांवर खटला चालवायचा तर कोर्टाला आधी सरकारची मंजुरी लागते. राज्य सरकार अधिसूचना काढून साध्या शिपायालाही हे संरक्षण देऊ शकतं. पण लक्षात घ्या, मंजुरी लागते ती कोर्टाने खटल्याची दखल घेताना. एफआयआर नोंदवायला लागत नाही. "वरून परवानगी आणा, मग लिहितो" असं कोणी ठाण्यात म्हणालं, तर ते चूक आहे.

2013 साली आणखी एक बदल झाला. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांत सरकारी नोकरावर खटल्यासाठी मंजुरी लागणार नाही, असं कायद्यातच लिहिलं गेलं. वडशापासून सुरू झालेली वाट इथवर आली. नव्या कायद्यात सरकारने 120 दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, हेही बरं झालं. पण कोठडीतली मारहाण, कोठडीतला मृत्यू यांना ती सूट नाही. तिथे 'हे कर्तव्याचा भाग होतं का' यावरच वर्षानुवर्षं वाद चालतो.

दुसरी बाजूही सांगतो. आपल्या गावागावांतली पोरं पोलिसात आहेत. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. अशा भागात काम करणाऱ्या माणसाला रोज खोट्या केसची भीती नको, हे म्हणणं मला पटतं. पण जंगलातल्या चकमकीत क्षणात घेतलेला निर्णय वेगळा, आणि ठाण्याचं दार लावून हात उगारणं वेगळं. बंद दाराआड मारहाण करणं हे कोणत्याच पोलिसाचं कर्तव्य नाही. मग त्यासाठी परवानगी कशाला हवी? 2013 ला जे एका गुन्ह्यासाठी केलं, ते कोठडीतल्या छळासाठीही करावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि कायदा बदलेपर्यंत? अटकेची खबर नातेवाइकाला देणं आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणं 1996 च्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहे. ठाण्यात सीसीटीव्ही असावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर 2020 चा आहे. काही घडलं तर त्या दिवसाचं चित्रीकरण जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या माणसाला ठाण्यात बोलावलं तर त्याला एकटं सोडून घरी जाऊ नका. बाहेर शांतपणे थांबा, हाक मारत राहा. 1972 ला वडशाच्या लोकांनी तेच केलं, म्हणून ती तक्रार कागदावर आली आणि पुढचं सगळं घडलं.

चिमूर किंवा वडशाची आठवण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितली असेल तर खाली जरूर लिहा. फक्त तिचं नाव लिहू नका.