सशानें सांगितलें, उंदरानें लपविलें



आपल्या परिचयाच्या एखाद्या घरीं रात्रीचें जेवण आटोपल्यावर घरांतील वडीलधारी व्यक्ति एक लहानशी गोळी पाण्याबरोबर घेतांना आपण पाहिली असेल. ही गोळी रक्तदाबाची नसते, मधुमेहाचीहि नसते. 'ही कशाची?' असें विचारल्यास 'कोलेस्टेरॉलची' एवढेंच उत्तर मिळतें आणि विषय तेथेंच संपतो. ही गोळी बहुधा 'स्टॅटिन' नांवाच्या कुळांतील असते, आणि त्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे तांदुळावर आलेली एक निळसर हिरवी बुरशी होय, हें ती गोळी घेणाऱ्यासहि क्वचितच ठाऊक असतें. आज त्या गोळीचा इतिहास सांगावयाचा आहे. परंतु हा इतिहास जितका शास्त्रज्ञांचा आहे, तितकाच तो ससे, उंदीर, कोंबड्या आणि कुत्रे यांचा आहे. माणसाच्या धमन्या कां कठीण होतात, या प्रश्नाचें उत्तर एका प्राण्यानें फार लवकर दिलें होतें; पण त्याच वेळीं दुसरा प्राणी उलट साक्ष देत होता, आणि ज्यांनीं निवाडा करावयाचा त्यांनीं बराच काळ या दुसऱ्यावर विश्वास ठेवला.

प्रथम त्या द्रव्याची ओळख करून घेऊं. पित्ताशयांत जे खडे होतात, त्यांतील मेणासारख्या पांढऱ्या द्रव्याला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत 'कोलेस्टेरीन' असें नांव दिलें. पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यानें तें बनविलें. हें द्रव्य शरीराचें शत्रु नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणांत तें लागतें, पित्त त्यापासून बनतें, आणि आपलें यकृत तें अहोरात्र तयार करीत असतें. त्याची बदनामी सुरू झाली ती इ. स. १९१० मध्यें. विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्या वर्षीं रोगट महारोहिणीचें पृथक्करण केलें, तेव्हां निरोगी महारोहिणीच्या मानानें तींत कोलेस्टेरॉल वीसपटीहून अधिक सांपडलें. पण चोरीचा माल घरांत सांपडला म्हणून घरधन्यानेंच चोरी केली असें ठरत नाहीं. कोलेस्टेरॉल हें रोगाचें कारण कीं रोगाचा परिणाम, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर रशियांत मिळालें. सेंट पीटर्सबर्ग येथें इग्नातोव्स्की नांवाच्या वैद्यानें १९०८ च्या सुमारास सशांना मांस, दूध व अंडीं खाऊं घातलीं, आणि त्यांच्या धमन्या माणसाच्या धमन्यांसारख्या जाड झालेल्या त्याला आढळल्या. हा दोष मांसांतील प्रथिनांचा, असा त्याचा तर्क होता. पुढें इतरांनीं अंड्याचा पांढरा भाग, पिवळा बलक व मांस हीं वेगवेगळीं देऊन पाहिलीं. बिघाड करणारा ठरला तो केवळ बलक. शेवटीं १९१३ सालीं निकोलाय अनिच्कोव्ह आणि खलातोव्ह या दोन तरुणांनीं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून सशांना दिलें. कांहीं सशांना नुसतेंच तेल दिलें. नुसतें तेल प्यालेल्यांच्या धमन्या निर्मळ राहिल्या. दुसऱ्यांच्या धमन्यांच्या भिंतींत चरबीचे थर चढले. इतका स्वच्छ प्रयोग वैद्यकाच्या इतिहासांत फार वेळां पाहावयास मिळत नाहीं. अनिच्कोव्ह त्या वेळीं अवघा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता.

मग जगानें काय केलें? हाच प्रयोग अनेकांनीं उंदरांवर व कुत्र्यांवर करून पाहिला. दोघांनींहि कोलेस्टेरॉल खाल्लें, पचविलें, आणि त्यांच्या धमन्यांस कांहींहि झालें नाहीं. झालें! ससा पडला गवत खाणारा; त्याच्या पोटांत अंड्याचा बलक कोंबला तर तो आजारी पडावयाचाच, त्याचा माणसाशीं संबंध काय, असा आक्षेप निघाला आणि तो बहुतेकांना पटला. तो पटण्यास आणखी एक कारण होतें. धमन्या कठीण होणें हा वार्धक्याचा धर्म आहे, केंस पांढरे होण्यासारखाच, अशी वैद्यांची व लोकांचीहि समजूत होती. जें अटळ, त्याचें कारण कोण शोधीत बसणार? उंदीर आणि कुत्रा यांच्या शरीरांत जादा कोलेस्टेरॉलचें पित्ताम्लांत रूपांतर करून तें बाहेर टाकण्याची क्षमता मोठी असते, म्हणून त्यांच्या रक्तांत तें साचत नाहीं, हा खुलासा मागाहून झाला. १९४६ च्या सुमारास स्टायनर व केंडॉल यांनीं कुत्र्यांच्या कंठग्रंथीचें कार्य औषधानें मंद केलें आणि मग त्यांना कोलेस्टेरॉल दिलें, तेव्हां त्यांच्याहि धमन्या बिघडल्या. म्हणजे कुत्र्याची साक्ष खोटी नव्हती. ती अपुरी होती.

माणसाची स्वतःची साक्षहि हळूहळू जमत होती. नॉर्वेमध्यें कार्ल म्युलर यानें १९३८ सालीं अशीं कुटुंबें नोंदविलीं कीं ज्यांत पिढ्यान् पिढ्या रक्तांत कोलेस्टेरॉल अतोनात असे, स्नायुबंधांवर पिवळ्या गांठी येत आणि माणसें हृदयविकारानें अकालीं जात. १९४५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षें भयंकर वाढलेला होता, आणि त्यावर खात्रीचा उपाय त्यांच्या वैद्यांपाशीं नव्हता. तीन वर्षांनीं, १९४८ मध्यें, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं ५,२०९ स्त्रीपुरुषांची वरचेवर तपासणी करण्याचें काम सुरू झालें. तेथें औषध द्यावयाचें नव्हतें. कोण आजारी पडतो आणि पडण्यापूर्वीं त्याची प्रकृति कशी होती, एवढेंच टिपावयाचें होतें. १९६१ सालीं पहिला मोठा ताळा प्रसिद्ध झाला. ज्यांचा रक्तदाब अधिक, ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक, त्यांना हृदयविकार अधिक. 'धोक्याचे घटक' हा आज वृत्तपत्रांतूनहि वाचावयास मिळणारा शब्दप्रयोग त्याच संशोधनामुळें रूढ झाला. धूम्रपान व मधुमेह यांचेंहि स्थान पुढें तेथें पक्कें झालें.

फ्रॅमिंगहॅमची वस्ती त्या काळीं बहुतेक सारी गोऱ्या लोकांची होती, तेव्हां आपला त्याशीं काय संबंध, असें कोणाला वाटेल. त्याचें उत्तर २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील पाहणींत आहे. धोक्याचे घटक सर्वत्र तेच निघाले. भेद एवढाच कीं, पहिला झटका येण्याचें मध्यम वय इतर देशांत सुमारें ५९, तर भारत व त्याचे शेजारी देश यांत ५३ आढळलें. घरचा कर्ता पुरुष सहा वर्षें आधीं अंथरुणाला खिळणें म्हणजे काय, हें मुंबई-पुण्याच्या मध्यम स्थितींतील कुटुंबाला सांगावयास नको.

औषधांचा प्रारंभ मात्र अशुभच झाला. ट्रिपारॅनॉल नांवाचें एक औषध १९६० सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. कोलेस्टेरॉल बनण्याच्या साखळींतील अगदीं शेवटची कडी तें तोडीत असे. त्यामुळें अर्धवट बनलेलें दुसरेंच द्रव्य शरीरांत सांचे. रोग्यांचे केंस गळूं लागले, कित्येकांना मोतीबिंदु झाला. येथें मुक्या प्राण्यांनीं सत्य लपविलें नव्हतें, माणसांनीं लपविलें होतें. प्रयोगशाळेंतील एका नोकरी करणाऱ्या बाईला माकडाच्या नोंदी बदलावयास सांगण्यांत आलें होतें. ही गोष्ट तिच्या नवऱ्याच्या तोंडून सरकारी निरीक्षकाच्या कानीं गेली, आणि १९६२ च्या एप्रिलमध्यें औषध मागें घ्यावें लागलें. क्लोफायब्रेट या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या चांचणींत तर हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण एकूण मृत्यु वाढले. हा निकाल १९७८ चा. कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या खटाटोपांतच कांहीं घोटाळा आहे, असें समंजस वैद्यांनाहि वाटूं लागलें यांत नवल नाहीं.

याच सुमारास जपानांत आकिरा एन्दो हा गृहस्थ आपलें काम करीत होता. अकिता प्रांतांतील शेतकऱ्याच्या घरीं १९३३ सालीं त्याचा जन्म झाला. रानांतील अळंबीं आणि बुरशा यांचा नाद त्याला लहानपणापासूनच होता. फ्लेमिंगनें पेनिसिलिन कसें शोधलें ही हकीकत वाचून तो नाद पक्का झाला. साठाच्या दशकांत तो दोन वर्षें न्यूयॉर्कला राहिला. तेथील लठ्ठ वृद्ध, त्यांचीं ताटें आणि हृदयविकाराच्या रोग्यांस नेण्यासाठीं शेजारीं येणाऱ्या रुग्णवाहिका त्यानें पाहिल्या. परत आल्यावर सांक्यो कंपनींत त्यानें १९७१ सालीं एक साधा तर्क पुढें ठेवला. बुरशा आपल्या शत्रूंना मारण्यासाठीं विषें बनवितात. मग शत्रूच्या शरीरांतील कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यांची निर्मितीच अडविणारें विष एखादी बुरशी कां बनवीत नसेल? शोध घ्यावयाचा तो साखळीच्या शेवटच्या कडीवर घाव घालणाऱ्याचा नव्हे, तर अगदीं आरंभींचें एन्झाइम अडविणाऱ्याचा.

चार माणसांनीं दोन वर्षांत सुमारें सहा हजार बुरशा तपासल्या. एक गुणकारी द्रव्य सांपडलें, पण तें मूत्रपिंडास घातक निघालें. दुसरें सांपडलें तें क्योतोमधील एका धान्याच्या दुकानांतील तांदुळावरच्या बुरशींत, पेनिसिलिनच्याच गोत्रांतील. त्याचें नांव पुढें कॉम्पॅक्टिन पडलें. कांचेच्या नळींत तें अचूक काम करी. मग तें प्रथेप्रमाणें उंदरांना दिलें.

उंदरांवर कांहींच परिणाम झाला नाहीं! आठवडेच्या आठवडे औषध दिलें तरी रक्तांतील कोलेस्टेरॉल जेथल्या तेथें. एन्झाइम अडविल्याबरोबर उंदराचें यकृत तेंच एन्झाइम कित्येक पटींनीं अधिक बनवितें आणि औषधाचा घाव भरून काढतें, हें नंतर उमगलें. तेव्हां मात्र कंपनीच्या दृष्टीनें प्रकरण संपलें होतें. ज्या प्राण्यानें अनिच्कोव्हच्या सशाला खोटें पाडलें, तोच प्राणी साठ वर्षांनीं पुन्हा आडवा आला.

तोडगा निघाला तो एका गुत्त्यांत. १९७६ च्या आरंभीं एके सायंकाळीं एन्दोची गांठ कितानो नांवाच्या सहकाऱ्याशीं पडली. त्यानें दुसऱ्या एका प्रयोगासाठीं अंडीं घालणाऱ्या कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्या लवकरच काढून टाकावयाच्या होत्या. एन्दोच्या मनांत आलें कीं, अंड्याच्या बलकांत इतकें कोलेस्टेरॉल असतें, तर तें पुरविणाऱ्या कोंबडीच्या रक्तांतहि तें विपुल असलें पाहिजे. त्यानें त्या कोंबड्या मागून घेतल्या. चाऱ्यांत औषध मिसळल्यावर कांहीं आठवड्यांतच त्यांचें कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलें. वजन उतरलें नाहीं, अंडीं घालणेंहि थांबलें नाहीं. ज्या बलकानें पीटर्सबर्गचे ससे बिघडविले, त्याच बलकाच्या विचारानें टोकियोंत औषध वांचलें. पाठोपाठ कुत्रे व माकडें यांच्यावरहि गुण दिसून आला.

१९७८ च्या प्रारंभीं ओसाका येथील डॉक्टर यामामोतो यांच्यापाशीं एक अठरा वर्षांची मुलगी उपचारासाठीं होती. म्युलरनें वर्णिलेला आनुवंशिक रोग तिला अत्यंत तीव्र स्वरूपांत झाला होता. रक्तांत कोलेस्टेरॉल एक हजाराच्या घरांत, निरोगी माणसाच्या जवळजवळ पांचपट. दुसरा उपायच नव्हता. कॉम्पॅक्टिन दिल्यावर तें उतरूं लागलें; पण तिचे स्नायु दुबळे पडले आणि औषध थांबवावें लागलें. डॉक्टरांनीं धीर सोडला नाहीं. प्रमाण कमी करून त्यांनीं तें इतर रोग्यांना दिलें, आणि सरासरीनें चतुर्थांशाहून अधिक उतार पडला. स्नायूंचा तो त्रास आजहि कांहीं रोग्यांना होतो आणि तो डॉक्टरांना सांगितला पाहिजे, हें जातां जातां नमूद करतों.

सशाला न्याय मिळाला तोहि जपानांतच. कोबे येथें वातानाबे यांना १९७३ सालीं एक ससा असा आढळला कीं, साधें अन्न खाऊनहि त्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल प्रचंड होतें. त्याच्यापासून त्यांनीं सशांची एक जातच वाढविली. रक्तांतील कोलेस्टेरॉल उचलून घेणारे ग्राहक पेशींवर असतात आणि आनुवंशिक रोगांत तेच सदोष असतात, हें अमेरिकेंत ब्राउन व गोल्डस्टाइन यांनीं दाखविलें होतें. या सशांतहि नेमका तोच दोष निघाला. आतां 'ससा गवत खाणारा' म्हणून त्याला हांकलून देणें कोणासहि शक्य नव्हतें. ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीहि आणखी एक विघ्न होतेंच. कुत्र्यांना अतिशय मोठ्या प्रमाणांत दीर्घकाळ औषध दिलें असतां त्यांच्या आंतड्यांत कर्करोगासारखें कांहीं दिसलें, असा समज होऊन १९८० सालीं सांक्योनें कॉम्पॅक्टिन सोडून दिलें. एन्दो तत्पूर्वींच कंपनी सोडून विद्यापीठांत गेला होता. ही वार्ता कानीं पडतांच अमेरिकेंतील मर्क कंपनीनेंहि आपल्या लोव्हास्टॅटिनच्या चांचण्या थांबविल्या. तें दुसऱ्या एका बुरशीपासून काढलेलें त्याच कुळांतील औषध होतें. फेरतपासणींत भीति निराधार ठरली, काम पुन्हा सुरू झालें, आणि १९८७ सालीं लोव्हास्टॅटिनला विक्रीची परवानगी मिळाली. क्लोफायब्रेटनें मागें ठेवलेला संशय फिटला तो १९९४ सालीं. उत्तर युरोपांतील ४,४४४ हृद्रोग्यांपैकीं अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन व अर्ध्यांना औषध नसलेली तशीच गोळी देण्यांत आली होती. पांच वर्षांहून थोड्या अधिक काळांत औषधाविना असलेल्या गटांत २५६ मृत्यु झाले, औषध घेणाऱ्यांत १८२.

एन्दो ५ जून २०२४ रोजीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं वारला. कॉम्पॅक्टिन स्वतः औषध म्हणून कधींच बाजारांत आलें नाहीं. मात्र तें दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्रांत त्याचें किंचित् बदललेलें रूप आढळलें होतें. तें अधिक सौम्य निघालें, आणि प्रॅव्हास्टॅटिन या नांवानें सांक्योनेंच १९८९ सालीं जपानांत विक्रीस काढलें.