गावजबान

गावजबान : दिल्लीच्या युनानी परंपरेत हृदयाची धडधड, बेचैनी आणि निद्रानाश यांवर दिली जाणारी ही वनस्पती. तिची राठ, पांढुरक्या लवेची वाळलेली पाने आणि निळसर-जांभळी फुले फतेहपुरी मशिदीलगतच्या खारी बावली बाजारात आजही सुटी मिळतात. ती उकळून केलेल्या काढ्याला हकीम जोशांदा म्हणतात आणि नुसती भिजवून गाळलेल्या पाण्याला खिसांदा. साखरेच्या पाकात घोटलेला तिचा अवलेह म्हणजे खमीरा. हा काढा निरुपद्रवी म्हटला जात असला, तरी ते विधान जपूनच घेतले पाहिजे. कारण याच नावाने भारतात ओनोस्मा ब्रॅक्टिएटम, तर इराणात एकियम अमीनम ही निराळीच वनस्पती वापरली जाते, आणि दोन्ही ज्या बोरेजिनेसी कुळातल्या आहेत, त्यातील अनेक वनस्पतींत यकृताला इजा करणारी पायरोलिझिडिन अल्कलॉइडे (नत्रयुक्त वनस्पतिजन्य द्रव्ये) आढळतात, जी काढ्यातही उतरतात. म्हणून गर्भवती, स्तनदा माता व यकृतविकाराचे रुग्ण यांनी तो टाळावा, इतरांनीही महिनोन्‌महिने रोज घेऊ नये आणि झोपेच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.