गावच्या वह्या आणि कुलांची स्मृती

श्राद्धकर्मात आपण पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचा नामोच्चार करतो आणि गोत्रोच्चाराने थेट ऋषींपर्यंत पोहोचतो. परंतु प्रपितामह आणि ऋषी यांमधील दीर्घ अंतर कशाने भरून काढावयाचे? गोमंतकात त्याचे उत्तर बहुतांशी गावच्या वह्यांत सापडते.

कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी, हे गाव उदाहरणादाखल घेऊ. श्रीमंगेशाचे मूळ स्थान ते हेच. येथील शेती, बांध व मानपान यांचा कारभार गावकरी संस्थेकडे असे. गावकऱ्यांची कुळे ‘वांगड’ नामक शाखांत विभागलेली असत आणि गावच्या उत्पन्नातील वाटा, म्हणजे ‘जोण’, पुरुषपरंपरेने मिळे. त्यामुळे कोण कोणाचा पुत्र हे ठाऊक असणे व्यवहारासाठीच अवश्य होते. जुन्या नोंदी कंदवी लिपीत होत. पुढे त्या पोर्तुगीज भाषेत होऊ लागल्या. तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या रूढी १५२६ साली ‘फोराल’ नामक लेखात नमूद झाल्या.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवालये उद्ध्वस्त झाली. श्रीमंगेश प्रियोळास, तर केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. काही कुळे देवांमागून निघाली. काही भूमीला धरून राहिली आणि ख्रिस्ती झाली. त्याच काळात, १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्रीस विवाहांची वही ठेवण्यास सांगितले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूंच्या नोंदीचाही नियम घातला. बाप्तिस्म्याच्या वहीत अर्भक, मातापिता व धर्ममातापिता यांची नावे येतात. परंतु धर्मांतराबरोबर पोर्तुगीज नाव आल्याने मूळ नाव झाकले गेले. तेथे चर्चची वही थांबते आणि गावकरीची वही पुढे येते. कारण नाव पालटले तरी वांगड पालटला नाही.

स्थलांतरितांची कथा निराळी. लोटलीकर, कुंकळ्येकर ही आडनावे म्हणजे सोडलेल्या गावाची जपलेली खूणच होय. देवस्थानांच्या महाजनमंडळांसाठी १८८६ साली नियम झाले. महाजनांच्या याद्याही आज वंशशोधकास उपयोगी पडतात.

गोव्याचे दफ्तरखाने १५९५ पासूनचे. इतिहासकार दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले रक्षक. तथापि दमट हवा, वाळवी आणि कागद खाणारी शाई यांपुढे रक्षकाचेही सर्वस्वी चालत नाही.

म्हणून शिष्यवर्गास विनंती आहे की, प्रत्येक घराने आपली वंशावळ मूळ गाव व वांगड यांसह लिहून काढावी, वृद्ध हयात असतानाच लिहावी आणि तिची एक प्रत श्रीमठात ठेवावी. ती लिहिताना कदाचित असेही आढळेल की, पलीकडच्या चर्चमध्ये प्रार्थना करणारे घराणे आपल्याच वांगडाचे आहे. त्या जाणिवेने आपला धर्म उणावणार नाही. आप्तभाव मात्र वाढेल.