शस्त्र, परवाना आणि घटना

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका तरुण वकिलाने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "सर, अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे, मग आपल्याकडे का नाही?" जिन्यात उभं राहून देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून आजचा विषय.

सुरुवात 1878 पासून करू. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतले दोन कायदे त्या एकाच वर्षातले, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा आणि शस्त्रांचा. पहिला रिपनने 1882 मध्ये रद्द केला, दुसरा राहिला. लेखणी परत मिळाली, तलवार नाही. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट, हे खरं शल्य होतं. 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत आली.

आता सोलापूरचं बघा. मे 1930 मध्ये इथे लष्करी कायदा पुकारला गेला. (तो पुढे मुंबई हायकोर्टातही वादाचा विषय झाला, पण ते वेगळं व्याख्यान आहे.) 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, मार्चमध्ये, कराचीला वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. हे फार थोड्यांना आठवतं.

मग तो हक्क गेला कुठे?

डिसेंबर 1948. घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्कही स्वातंत्र्यांच्या यादीत घाला. बाबासाहेबांनी विरोध केला. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालायचं कसं, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आपण आग्रह धरायचा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा. दुरुस्ती पडली. आज कलम 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो नकारार्थी. आपल्याला एकत्र जमता येतं, पण शांततेने आणि विनाशस्त्र. कलम 25 च्या स्पष्टीकरणात किरपाण आहे. हक्कांच्या प्रकरणात एवढंच.

कामतांवर इथे थोडा अन्याय होतो असं मला वाटतं. ते परक्या सरकारने केलेला अपमान विसरायला तयार नव्हते. बाबासाहेब उद्याच्या सरकारचा विचार करत होते. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

अमेरिकेचा वाद मात्र वेगळ्याच वाटेने गेला, करांच्या. तिथल्या केंद्राला सर्वसाधारण पोलिसी अधिकार नाही. म्हणून 1934 च्या कायद्याने मशीनगनसारख्या शस्त्रांवर 200 डॉलर कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली. हा कर नव्हेच, कराच्या सोंगातली बंदी आहे, असा युक्तिवाद झाला. 1937 मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 1968 मध्ये हेन्स खटल्यात मात्र सरकार हरलं. बेकायदा बंदूक असलेल्याला "नोंदणी कर" म्हणणं म्हणजे "गुन्हा कबूल कर" म्हणणंच झालं. मग त्याच वर्षी कायदा बदलावा लागला. आपल्याकडे असल्या आडवाटेची गरजच नाही. संघसूचीतली 5 वी नोंद शस्त्रास्त्रं सरळ केंद्राच्या हाती देते.

म्हणून आपल्याकडचे खटले कलम 14 आणि 21 वर लढले गेले. 1993 मध्ये गणेशचंद्र भट्ट प्रकरणात अलाहाबाद हायकोर्टात न्यायमूर्ती काटजू म्हणाले की बिगर-प्रतिबंधित बंदूक बाळगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग. अर्ज तीन महिन्यांत निकाली निघाला नाही तर परवाना मिळाला असं समजावं! गुंडांकडे हत्यारं आणि सज्जन निःशस्त्र, ही त्यामागची तळमळ खोटी नव्हती. पण राणा प्रतापसिंग प्रकरणात त्याच हायकोर्टाच्या पूर्णपीठाने तो निर्णय मोडीत काढला. कायद्यातलं एक कलम मात्र कोर्टात टिकलं नाही. 27(3) मध्ये प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू घडवल्यास फाशी हीच एकमेव शिक्षा होती. 2012 मध्ये दलबीरसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

वकीलमित्राला मी एवढंच सांगेन, 1959 चा कायदा मुळातून वाच. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम 14 म्हणतं. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात वेगळा विचार आहे. नकार दिला तर कारण नोंदवावं लागतं आणि अपील करता येतं. आपल्याकडची खरी लढाई हक्काची नाही, साहेबाच्या मर्जीला कारण विचारण्याची आहे. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करा असा फतवा निघतो. गोव्यातलं असं एक प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, तेव्हा उत्तर मिळालं ते हेच: सरसकट नको, छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवावं.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ, पण जिन्यात नको.