अवर्षण आणि फळझाड

आपल्याकडील दुष्काळांचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्यांत धान्याचे भाव असतात, मेलेल्या गुरांची हळहळ असते, देशोधडीस लागलेली माणसे असतात; परंतु वाळलेल्या झाडाचा उल्लेख क्वचितच आढळतो. वस्तुतः अवर्षणाचा दीर्घकाळ न भरणारा घाव झाडावरच बसतो. ज्वारी बुडाली तर एक साल बुडाले. पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. आंब्याचे झाड गेले म्हणजे लावणाराच्या आयुष्यातील आठदहा वर्षेच गेली.

धाराशिव जिल्ह्यास पाण्याची चिंता काही नवी नव्हे. बालाघाटच्या डोंगररांगांतील या मुलखात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३० इंच पाऊस पडतो. पण पाऊस सरासरी पाहून पडत नाही, हेच दुखणे. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. नर आणि मादी या नावांचे त्याचे दोन सांडवे पावसाळ्यात कोसळू लागले म्हणजे पाहणारा थक्क होतो. त्यानंतर अवघ्या १७ वर्षांनी, १६३० साली, दख्खनवर भयंकर दुष्काळ ओढवला. पाणी अडवावयाचे ते वाहत असताना, आटल्यावर नव्हे, हा बोध त्या बांधापासून घ्यावा. मात्र तो बांध किल्ल्याच्या सोयीसाठी होता, रयतेच्या मळ्यासाठी नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

रयतेच्या झाडाकडे सरकारचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते फार उशिरा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने लाखो हातांस काम दिले, वि. स. पागे यांच्या या कल्पनेस १९७७ साली कायद्याचे रूप आले. १९९० पासून हीच योजना फळबाग लागवडीशी जोडण्यात आली. दुष्काळनिवारणाच्या पैशातून कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर फळझाड उभे राहावे, ही कल्पना खरोखर सुंदर होती. परंतु सरकारने रोपाचा आणि खड्ड्याचा खर्च दिला, तरी दहाव्या वर्षीच्या पाण्याची हमी कोण देणार? २०१२-१३ च्या अवर्षणात मराठवाड्यातीलच जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या झाडांवर मालकांनाच कुऱ्हाड चालवावी लागली. २०१६ साली मांजरा धरण आटले. शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे माणसाच्या घशाची ही गत, तेथे झाडाची दाद कोणी घ्यावी?

म्हणून बागाइतदाराने हिशेब आधीच मांडावयास हवा. विहिरीचे पाणी वैशाखात किती राहते, ते पाहून झाडांची संख्या ठरवावी. हौस पाहून नव्हे. मोसंबी-डाळिंबाचा मृग बहार पावसावर पोसतो, आंबे बहाराचा भार मात्र उन्हाळ्यावर पडतो. तेव्हा बहार निवडणे हीच दुष्काळाची पहिली तयारी होय. पाणी तुटले तर फळ तोडून झाड वाचवावे; एका वर्षाचे उत्पन्न सोडून पुढील अनेक वर्षांचे राखणे यात तोटा नाही. बुंध्याभोवती पाचटाचे आच्छादन, मुळांशी पुरलेले कच्च्या भाजणीचे मडके, हलकी छाटणी, खोडास बोर्डो मलम आणि पावसाळ्यात भरून ठेवलेले शेततळे ही साधने कोणालाही समजण्याजोगी आहेत.

परंतु एकट्याची शहाणीव येथे अपुरी पडते. माझ्या विहिरीचे पाणी मी जपावे आणि शेजाऱ्याने दुप्पट खोल कूपनलिका घेऊन ते ओढून न्यावे, असे झाले तर दोघांच्याही बागा जातात; फक्त माझी आधी जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता घरातील माणसांवर ठरविला आणि उसास मनाई केली. हा नियम मोडणे सोपे, पाळणे कठीण. पण फळझाडाचे आयुष्य माणसांच्या अशा कराराइतकेच टिकते. हा करार दुष्काळात होत नसतो, कारण तेव्हा वाटून घ्यावयास काही उरलेले नसते. तो भरल्या विहिरीच्या काठी बसूनच करावा लागतो.